वेगाचे माप आणि तराजूचा पासंग

आमच्या कारंज्याच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली मी पहिले काम शिकलो ते माल तोलण्याचे नव्हे, रिकामा तराजू उचलून पाहण्याचे. सकाळी दुकान उघडून गादी झटकली की वडील दोन्ही पारडी रिकामी ठेवून तराजू उचलीत आणि काटा मधोमध थांबतो की नाही ते पाहत. काटा एका बाजूस झुकलाच तर हलक्या पारड्याला लहानसा पासंग बांधीत. देशात दशमान वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्या बदलाच्या काळात शेर आणि किलो यांच्या घोळावरून बाजारात कसे वाद होत, हे ते आम्हाला रंगवून सांगत. शेर म्हणजे ऐंशी तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. भाव शेराचा आणि वजन किलोचे, किंवा याच्या उलट झाले, की प्रामाणिक माणूसही क्षणभर चोर ठरे. समोरच्याला खोटे म्हणण्याआधी त्याचे माप कोणते आणि आपले कोणते, एवढे पाहावे, असे त्यांचे सांगणे असे.

पुढे मी एम.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात घालवली. तरीही वडिलांची ही साधी शिकवण गेल्या वर्षी पावसाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी विसरलो. त्यामुळे एका निरपराध मुलाचे नुकसान झाले. निमित्त होते इंटरनेटच्या वेगाचे. आज आपल्या प्रत्येक घरात आणि पेढीत ही काचेची तार पोहोचली आहे. म्हणून माझी चूक आणि त्या निमित्ताने शिकलेले थोडे शास्त्र, दोन्ही वाचकांपुढे ठेवतो.

आमचा वाडा जुना आहे. भिंती माती-विटांच्या, दोन-दोन हात जाडीच्या. पुढच्या ओसरीत धाकट्या भावाच्या मुलाचे आडतीचे कार्यालय आहे. सोयाबीन-तुरीच्या हंगामात त्याचे बिल, जीएसटीचे विवरण, बँकेचे व्यवहार, सारे संगणकावरच चालते. वाड्याच्या अगदी मागच्या खोलीत माझी नात सी.ए.चा अभ्यास करते. तिचे वर्ग संध्याकाळी ऑनलाइन असतात. या दोघांसाठी आम्ही फायबरची जोडणी घेतली. योजना शंभर एमबीपीएसची. खांबावरून तार आणून पेटी बसवण्याचे काम गावातील वितरकाकडच्या एका तरुणाने केले. मानोरा तालुक्यातील खेड्यातला मुलगा, आयटीआय झालेला, बोलायला मऊ.

महिनाभरातच नातीची तक्रार सुरू झाली. "आबा, सरांचा आवाज तुटतो. चित्र थांबते. गणिताची अर्धी पायरी निघून जाते." परीक्षा तोंडावर आलेली. एकदा तर मी तिला वही मिटून रडताना पाहिले. मी पुतण्याच्या संगणकापाशी बसलो. त्याच वेळी हिशेबाच्या प्रणालीची नवी आवृत्ती उतरवून घेणे चालू होते. पडद्यावर वेगाचा आकडा दिसत होता, ११.८. शंभराचे पैसे आणि बारासुद्धा पुरे नाहीत! माझ्यातला तपासणी अधिकारी जागा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तोच आकडा. तिसऱ्या दिवशी तोच. तीन दिवसांच्या नोंदी जोडून मी वितरकाला दोन पानांचे पत्र लिहिले आणि त्यात "मापातील उघड चोरी" असे शब्द वापरले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. ओसरीत बसून गल्लीतल्या लोकांनाही सांगितले. बँकेतला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर कोण शंका घेणार? सात घरांनी त्या महिन्याचे बिल थांबवले.

आठवड्याने तो मुलगा आला. त्याच्या हातात एक लहान यंत्र, पिशवीत वायर. त्याने कुणाला दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, "काकाजी, तुमचा आकडा बराबर हाये. पन माप येगळं हाये." मग त्याने मला ओसरीत बसवून एकेक गोष्ट मोजून दाखवली. पुढे मी स्वतः वाचन करून त्यात भर घातली. ते सारे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, बिट आणि बाइट. संगणकाच्या दृष्टीने माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट, शून्य किंवा एक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. फाइल साठवली जाते ती बाइटांत, म्हणून तिचा आकार आणि ती उतरण्याचा वेग संगणक बाइटांत दाखवतो. तारेतून मात्र बिट एकामागून एक धावतात, म्हणून तारेची क्षमता बिटांत सांगतात. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी, एवढाच काय तो फरक. योजनेतील शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, म्हणजेच साडेबारा मेगाबाइट. मी पाहिलेले ११.८ हे मेगाबाइट होते. त्याला आठाने गुणा. येतात ९४.४. शेराचा भाव आणि किलोचे वजन, तोच जुना घोळ! आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाने एकक न वाचता आकडा वाचला होता.

तरी शंभरात पाच-सहा कमीच, असे मी पुटपुटलो. त्यावर त्याने पुतण्याकडे बोट दाखवले. "दादा, पोत्यातलं सोयाबीन मोजता, तवा बारदाना धरता का?" माल पाठवायचा तर पोते लागतेच. इंटरनेटवर माहिती सलग धारेसारखी जात नाही. तिची लहान लहान पुडकी करतात. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक आणि माल शाबूत पोहोचला की नाही हे ताडण्याची खूण असते. नेहमीच्या संगणक तारेवर एका पुडक्याने सारे वेष्टण आणि दोन पुडक्यांमधले अंतर धरून १५३८ बाइटांची जागा अडवली, तर त्यातील प्रत्यक्ष माल सुमारे १४६० बाइटांचा असतो. म्हणजे शंभरातील पंच्याण्णव. पुतण्याच्या जुन्या संगणकाची जोडणीच जास्तीत जास्त शंभर मेगाबिटांची होती, त्यामुळे निव्वळ माल चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच मिळणार. तो तंतोतंत मिळत होता. ज्या मापाला मी चोरी म्हटले ते पुरेपूर भरले होते.

दुसरी गोष्ट तारेची. ही तार म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो त्याहूनही कितीतरी बारीक, सुमारे नऊ मायक्रॉनचा. वाकलेल्या काचेतून प्रकाश नेण्याच्या संशोधनात आपल्या एका भारतीयाचे मोठे काम आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत हे काम केले आणि १९६० मधील त्यांच्या लेखामुळे या शास्त्राचे 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ झाले. त्या काळी अडचण अशी होती की काचेत प्रकाश लवकर विझे. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर जाईल. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. काओ यांनी ठेवलेले उद्दिष्ट असे होते, की एक किलोमीटरनंतर निदान एक टक्का प्रकाश उरावा. आजच्या चांगल्या तारेत सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

घरापर्यंत किती प्रकाश पोहोचला हे मोजण्यासाठीच त्या मुलाजवळचे ते लहान यंत्र होते. त्याने पेटीची तार काढून यंत्राला लावली. आकडा आला उणे एकवीस. उणे पाहून मी दचकलो, पण ही मोजणीची रीत आहे. एक मिलिवॅट म्हणजे शून्य धरतात. उणे दहा म्हणजे त्याचा दहावा भाग, उणे वीस म्हणजे शंभरावा. आमच्याकडे मिलिवॅटच्या शंभराव्या भागाहूनही किंचित कमी प्रकाश येत होता, आणि तेवढा पुरेसा होता. अशा पेट्या साधारण उणे सत्तावीसपर्यंतचा मंद प्रकाशही वाचू शकतात. येथे एक समजून घेण्यासारखे आहे. प्रकाश पुरेसा असला की तो आणखी वाढवून वेग वाढत नाही. तो मर्यादेखाली गेला, तार कुठे दुमडली किंवा जोडावर धूळ बसली, तर मात्र पुडकी खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि वेग घसरतो. तार पूर्ण तुटली तर पेटीवरचा लाल दिवा लागतो.

मग नातीचा वर्ग का तुटत होता? त्याने मोबाइल घेऊन पेटीशेजारी चाचणी केली. आकडा नव्वदच्या घरात. तोच मोबाइल मागच्या खोलीत नेला. आकडा अठरा. वास्तविक अशा वर्गाच्या चित्राला चार-पाच एमबीपीएस पुरतात. अठरा काही कमी नव्हते. पण त्याने आणखी एक आकडा दाखवला, ज्याला पिंग म्हणतात. एक छोटा निरोप जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास लागणारा वेळ म्हणजे पिंग. ओसरीत तो स्थिर होता, बारा मिलिसेकंद. मागच्या खोलीत कधी पंधरा, कधी ऐंशी, कधी तीनशे. निरोप कधी लवकर, कधी उशिरा, कधी मुळीच नाही. ध्वनी आणि चित्र यांना हा अनियमितपणा सोसत नाही. कारण होते आमच्या वाडवडिलांनी बांधलेल्या भिंती. वाय-फायच्या लहरी दोन प्रकारच्या. पाच गिगाहर्ट्झची लहर अधिक माल नेते, पण भिंतीत लवकर दमते, २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंत जरा बरी ओलांडते, पण तिची क्षमता कमी आणि शेजारपाजारच्या पेट्यांची गर्दीही तिच्यावरच. आमच्या चार मातीच्या भिंतींपुढे दोघींनी हात टेकले होते. काचेची तार शेकडो किलोमीटरचा रस्ता निर्दोष पार करून ओसरीत आली, आणि शेवटच्या साठ फुटांत अडखळली. तो दोष वितरकाचा नव्हता, त्या मुलाचाही नव्हता.

वेग या शब्दाबद्दलही माझा समज त्या दिवशी दुरुस्त झाला. आपल्या कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याच्या सहा मार्गिका आहेत आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. उद्या त्याच्या बारा मार्गिका केल्या तर एका वेळी दुप्पट गाड्या जातील, पण एकट्या गाडीला मुंबई गाठण्यास लागणारा वेळ तेवढाच राहील. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी. योजना चाळीसची असो की तीनशेची, काचेत प्रकाश सारख्याच गतीने धावतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. तारेचे अंतर सहाशे किलोमीटर धरले तर मुंबईपर्यंत तीन मिलिसेकंद आणि परतीचे तीन. बाकीचा वेळ वाटेवरील यंत्रांत जातो.

हे ऐकताना मला माझ्या नोकरीतील एक शाखा आठवली. शाखेचा संगणक उपग्रहाच्या छत्रीने मुख्य केंद्राशी जोडलेला होता. नोंद पाठवली की पडदा क्षणभर थिजे. खिडकीपलीकडचे ग्राहक आम्हाला आळशी समजत. वास्तविक तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच. निरोप वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद, उत्तरास तेवढाच. प्रत्येक हेलपाट्याला अर्धा सेकंद ठरलेला, आणि एका नोंदीस असे अनेक हेलपाटे. नंतर ६४ केबीपीएसची जमिनीवरची तार आली. आजच्या घरगुती योजनेपुढे ती नगण्य वाटेल, पण हेलपाटा लहान झाल्यामुळे सारी शाखा तिच्यावर सुरळीत चालली. दुकानात यूपीआयचे पैसे अडकले की आपण "नेट स्लो आहे, मोठी योजना घ्या" म्हणतो. तो निरोप अगदी लहानसा असतो. त्यासाठी रुंद रस्ता लागत नाही, विनाखंड रस्ता लागतो. उशीर पुष्कळदा बँकांच्या यंत्रणेतच होत असतो. पेढीने मोठी योजना घेण्याआधी आपले काम रुंदीचे की हेलपाट्याचे, हे पाहावे.

त्या दिवशी मुलगा निघाला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि सहज विचारले, "माझ्या पत्राचा तुला काही त्रास झाला का?" तो आधी काही बोलला नाही. पुतण्याने खोदून विचारल्यावर कळले. जोडणी त्याने केली म्हणून वितरकाने त्या महिन्याच्या पगारातून दोन हजार रुपये कापले होते. गल्लीत तारेच्या कामाला गेला की मुले "शंभरचे बारा" म्हणून हसत होती. घरी वडिलांची अर्धा एकर कोरडवाहू शेती आणि बहिणीचे शिक्षण. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मला मात्र चहा गिळवेना.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे कमी-अधिक मापाने व्यवहार करणे, येते हे आपण बालपणापासून पाठशाळेत ऐकतो आणि त्याचा संबंध केवळ विकणाऱ्याशी आहे असे धरून चालतो. घेणाऱ्यानेही हातात चुकीचे माप धरून दुसऱ्याला चोर ठरवले, तर तो मापाचाच दोष नव्हे काय? मी दिलेले माप खोटे नव्हते, पण लावलेले माप खोटे होते. क्षमावणीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्याच संध्याकाळी मी वितरकाकडे जाऊन पहिले पत्र लेखी मागे घेतले, आणि सातही घरी जाऊन माझी चूक सांगितली. कापलेले पैसे पुढच्या महिन्यात त्याला मिळाले. सहा घरांनी बिल भरले. सातव्या घरचे गृहस्थ अजूनही म्हणतात, "तुम्ही भले माणूस, म्हणून सोडून दिले." आरोप करायला मला पाच मिनिटे लागली होती. तो पूर्णपणे परत घेणे आजवर जमलेले नाही.

गोष्ट येथे संपली असती, पण नातीचा वर्ग संध्याकाळचा. त्या मुलाने भिंतीतून तार ओढून मागच्या खोलीत दुसरी पेटी बसवली. दिवसा सारे उत्तम झाले. रात्री नऊच्या सुमारास मात्र वेग पुन्हा उतरे. या वेळी मी पत्र लिहिले नाही, वही काढली. पंधरा दिवस, रोज तीन वेळा, सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ. दर वेळी तोच संगणक, तारेनेच जोडलेला, घरातील इतर उपकरणे बंद, आणि तेच चाचणी केंद्र. सकाळी चौऱ्याण्णव, दुपारी ब्याण्णव, रात्री पस्तीस ते पंचेचाळीस. वही घेऊन मी त्या मुलालाच बोलावले.

चाचणी कशी होते हेही त्याने सांगितले. चाचणीचे पान उघडले की आपला संगणक एका दूरच्या केंद्राकडून एकाच वेळी अनेक धारांनी निरर्थक माहिती मागवतो. दहा-पंधरा सेकंदांत किती बिट आले ते मोजून सेकंदांनी भागले की झाला उतरण्याचा वेग. मग तसेच उलट पाठवून चढण्याचा वेग. म्हणून केंद्र कोणते हे महत्त्वाचे. ते सेवा देणाऱ्याच्या स्वतःच्या जाळ्यात असेल तर आकडा सुंदर येईल, कारण माल गावाबाहेर गेलाच नाही. दूरचे केंद्र निवडले तर खरी वाट मोजली जाते.

मग त्याने वाटणीचा हिशेब मांडला. आमच्या गल्लीत एकच तार येते. खांबावरच्या पेटीत तिचा प्रकाश बत्तीस घरांत वाटला जातो. या पद्धतीत एका तारेची उतरण्याची क्षमता सुमारे २,४८८ एमबीपीएस आणि चढण्याची त्याच्या निम्मी असते. बत्तीस घरांना शंभरप्रमाणे ३,२०० द्यायचे कबूल केले, आणि जवळ आहेत २,४८८. कुणाला हे ऐकून धक्का बसेल. मला मुळीच बसला नाही. बँक हेच करते. ठेवीदारांची सारी रक्कम तिजोरीत पडून नसते. सारे एकाच दिवशी येत नाहीत या अनुभवावर ती उभी असते. अंदाज सावध असेल तर तो व्यवसाय आहे. अंदाजाची हाव झाली तर ठेवीदार दारात उभा राहतो.

आता साधा भागाकार. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग ओढला तरी प्रत्येकाला सुमारे सत्त्याहत्तर मिळाले पाहिजेत. आमच्या वहीत होते चाळीस. म्हणजे अडचण गल्लीच्या तारेत नव्हती, त्यापलीकडे होती. साऱ्या गावासाठी वितरकाने बाहेरून घेतलेली क्षमता रात्रीच्या गर्दीला अपुरी पडत होती. या वेळी तक्रार खरी होती. वही आणि भागाकार घेऊन आम्ही दोघे वितरकाकडे गेलो. आवाज चढवावा लागला नाही. त्यांनी आकडे पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि मान्य केले. क्षमता वाढवायला दोन महिने गेले. आता रात्रीही ऐंशीच्या खाली क्वचित उतरते. मोघम आरोपाने एका गरिबाचे पैसे कापले गेले होते. नीट मोजलेल्या तक्रारीने साऱ्या गावाचा लाभ झाला.

बाजारातल्या तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो. २००९ चा कायदा त्याच्या पाठीशी आहे. आपल्या घरातील इंटरनेटच्या चाचणीवर असा शिक्का मारायला कोणी निरीक्षक येत नाही. शासनाची व्याख्या मात्र आहे. २००४ च्या धोरणात निदान २५६ केबीपीएस मिळाले तर त्यास ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा दोन एमबीपीएस झाली आहे. त्या व्याख्येत एक मार्मिक गोष्ट आहे. हा वेग सेवा देणाऱ्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा आहे, असे तिथे म्हटले आहे. कुठून कुठपर्यंत मोजायचे हे सांगितल्याशिवाय मापाला अर्थ नसतो, हे कायदा करणाऱ्यांनीही ध्यानी ठेवले.

म्हणून आपल्या कुटुंबांना एवढेच सुचवतो. तक्रार करण्याआधी एकक पाहा, बिट की बाइट. मोजताना संगणक तारेने जोडा. वाय-फायवर मोजले तर आपण आपल्या भिंती मोजतो. घरातील इतर मोबाइल थोडा वेळ बंद ठेवा. सकाळ, दुपार, रात्र असे निदान आठवडाभर मोजून लिहून ठेवा. उतरण्याच्या वेगाबरोबर चढण्याचा वेग आणि पिंगही टिपा; वर्गाला आणि बैठकीला ते अधिक लागतात. योजनेत ठराविक वापरानंतर वेग कमी करण्याची अट आहे का, ते वाचा. आणि एवढे करूनही माप कमी भरले, तर संकोच न करता वही घेऊन जा, कारण पैसे आपण पुरे मोजलेले असतात.

नात गेल्या परीक्षेत एक गट उत्तीर्ण झाली. पेढे द्यायला ती प्रथम त्या मुलाकडे गेली. तो त्या वेळी आमच्याच गल्लीच्या टोकाला शिडीवर चढून जोड साफ करीत होता. खाली उतरून त्याने हात पुसले, पेढा घेतला आणि तिला विचारले, "ताई, आता आवाज तुटत नाही ना?"

वडिलांचा तो जुना तराजू माळ्यावर पडला होता. मी तो खाली काढून ओसरीत, इंटरनेटच्या पेटीशेजारी टांगला आहे. त्यावर आता काही तोलायचे नाही. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला बसताना काटा मधोमध आहे की नाही तेवढे पाहतो. एका बाजूला पासंगाची दोरी अजून तशीच बांधलेली आहे.